टेंभुर्ण्यांचा लिटर

माणसाशी ओळख भांडणानं झाली की ती टिकते, असा माझा अनुभव आहे. गोड बोलून ओळख झालेली माणसं पुढे लग्नपत्रिकेपुरती उरतात. प्रेमानंद टेंभुर्णे सहा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत आले ते बाकं दुरुस्त करायला. मी आठवीच्या वर्गात फळ्यावर शंकू काढत होते. शंकूचं घनफळ वृत्तचितीच्या एक तृतीयांश असतं हे मी तेव्हा बावीस वर्षं सांगत आले होते, आणि बावीस वर्षं पोरं ते पाठ करत आली होती. दारात एक उंच, वाळलेला माणूस हातात रंधा धरून उभा राहिला. बराच वेळ फळ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, हा शंकू नाही होऊन राहिला. ही टोपी झाली."

अख्खा वर्ग हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खडू पुढे केला आणि म्हटलं, "मग तुम्ही काढून दाखवा."

"मी काढत नसतो. मी करत असतो," असं म्हणून ते बाकाचा खिळा ठोकायला वळले.

आठ दिवसांनी ते बोलावणं नसताना आले. पिशवीतून सागवानी शंकू काढला आणि तेवढ्याच उंचीची, तेवढ्याच तोंडाची वृत्तचिती काढली. दोन्ही आतून पोकळ, बाहेरून पिवळा रंग दिलेला. सोबत घरून आणलेली मोहरी. शंकू भरून वृत्तचितीत ओतला, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा मोहरी बरोबर काठाला लागली. वर्गानं ते पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा. त्या दिवशी माझे दोन तास बुडाले आणि मी पहिल्यांदा एखाद्या माणसाला स्टाफरूममध्ये नेऊन स्वतःच्या डब्यातली पोळी खायला दिली.

त्यांना सुतार म्हटलेलं चालत नसे. ते पॅटर्नमेकर. मलाही हा शब्द ठाऊक नव्हता, म्हणून सांगते. ओतकामाच्या कारखान्यात लोखंडाचा किंवा पोलादाचा भाग ओतायचा तर आधी तसाच भाग लाकडाचा करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि मागे जी पोकळी राहते तिच्यात वितळलेला धातू ओतायचा. लाकडाचा भाग करणारा तो पॅटर्नमेकर. कामठी रोडवरच्या एका कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं हे काम केलं. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत कोळसा फोडायच्या ज्या गिरण्या असतात, त्यांच्या पोलादी पाट्या त्यांच्या लाकडावरून ओतल्या जात. कोराडीच्या रस्त्यानं जाताना चिमणीचा धूर दिसला की म्हणत, "आतमंदी माहे दात हायेत मॅडम."

घर इंदोऱ्यात. वडील धोंडबा गिरणी कामगार. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी घरात पहिली वस्तू आणली ती पाटी. थोरले दोघं त्या पाटीवर शिकून सरकारी नोकरीला लागले. धाकटे प्रेमानंद मात्र दहावीला गणितात नापास झाले, तेही दोनदा. "गुरुजी फळ्यावर काढत होते अन् मले काहीच दिसत नव्हतं," असं ते सांगत. पुढे आयटीआयला गेले, लाकूड हातात आलं, आणि सहा महिन्यांत त्याच माणसाला नकाशावरचा कुठलाही भाग हवेत फिरवून बघता यायला लागला. आपण मठ्ठ नव्हतो हे त्यांना विसाव्या वर्षी कळलं. त्याचा आनंद त्यांना झालाच असणार, पण त्यांच्या बोलण्यात मला तो कधी ऐकू आला नाही. आला तो राग, मधल्या चार वर्षांचा.

म्हणून ती मोहरी, तो शंकू. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी काय काय केलं त्याची यादी देत बसत नाही. काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंवर तीन चपटे डबे बसवले होते, लहान दोघांतलं पाणी मोठ्यात ओतलं की मोठा बरोबर भरायचा. एक वळणदार घसरगुंडी केली होती. तिच्यावर एक गोळी वरून सोडा, दुसरी अर्ध्यातून सोडा, दोन्ही खाली एकाच वेळी पोचतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी शाळा सुटल्यावर मी एकटी अर्धा तास गोळ्या सोडत बसले आणि शिपायानं दिवे घालवले तेव्हा उठले.

'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. शर्टाच्या खिशात फूटभर लांब पितळी पट्टी अर्धी बाहेर डोकावत असे. त्यांचे उस्ताद रामाजी मिस्त्री यांनी निवृत्त होताना ती त्यांना दिली होती. अंक बोटांनी पुसट झालेले, पण रेघा सुईनं ओढल्यासारख्या. माझे वडील गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला होते, लोखंडी गजानं दिवसभर कापड मोजायचे आणि मापात पाप नको हे दर रविवारी आम्हाला ऐकवायचे. त्यामुळे मापाला जपणारा माणूस दिसला की माझी अक्कल जरा खाली बसते. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे.

गेल्या ऑक्टोबरात त्यांनी नवा संच आणला. त्यात लिटरचा डबा होता. आतून दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दहा उंच, सांधे मेणानं बुजवलेले, एक बाजू पारदर्शक. पोरांना लिटर म्हणजे दुधाची पिशवी एवढंच माहीत असतं. लिटरला लांबी-रुंदी असते हे त्यांच्या गावीही नसतं. मी सगळ्यांना डबा आतून मोजून वहीत लिहायला सांगितलं. अबोली नावाची मुलगी आहे, वडील कोराडीला कोळशाच्या ट्रकवर, पोरगी नावासारखीच. ती तीनदा मोजून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, दहा पूर्णांक दोन येते."

"पुन्हा मोज."

तिनं मोजलं. "दहा पूर्णांक दोनच येते."

"पट्टी कितीची आहे?"

"दहा रुपयांची."

वर्ग हसला, आणि मलाही जोर आला. मी म्हटलं, "टेंभुर्णे काकांचा हात छत्तीस वर्षं मापावर बसलाय. तुझी कंपासपेटी जूनमध्ये आली. ऑक्टोबरच्या उन्हात प्लास्टिकची पट्टी वाढते, माहीत आहे ना? लिही दहा." उन्हानं पट्टी वाढली असती तर माप कमी आलं असतं, जास्त नव्हे, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. बाकी एकेचाळीस वह्यांत दहाच होतं. असणारच, मी मोजायच्या आधीच फळ्यावर दहा लिहून ठेवलं होतं. अबोलीनं दहा पूर्णांक दोन खोडलं, दहा लिहिलं, आणि मी त्यावर लाल शाईनं बरोबरची खूण केली.

दिवाळीनंतर एका संस्थेची माणसं शाळेत आली. संच बघून त्यांनी तसेच तीस मागितले, पारशिवनीकडच्या तीस खेड्यांतल्या शाळांसाठी. अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन, त्याच्या आदल्या दिवशी टेम्पो येणार. प्रेमानंदजींनी बाकी सगळी कामं सोडली. समोरच्या खोलीत संच रचले जाऊ लागले, त्यांच्या पत्नी सिंधूताई प्रत्येकाला कापडी खोळ शिवू लागल्या. मी गेले की प्रेमानंदजी एकच बोलायचे, "तीस शाळा मॅडम. एका शाळंत चाळीस पोरं धरा. बाराशे पोरं डोळ्यानं पाहतीन. फळ्यावरचं विसरते माणूस, डोळ्यानं पाहिलं ते नाही विसरत." ते खरंच होतं, आणि तीच पुढे पंचाईत झाली.

जानेवारीत मी एक डबा धड्याच्या तयारीसाठी घरी आणला. आमच्या कोपऱ्यावर साहिलची डेअरी आहे. त्याच्याकडून लिटरभर सुटं दूध घेतलं आणि डब्यात ओतलं. दूध काठाच्या खाली राहिलं, चांगलं अर्धा सेंटिमीटर. मी तशीच डबा घेऊन डेअरीवर गेले. साहिलला मी तो चौथीत होता तेव्हापासून ओळखते. त्याला चार गिऱ्हाइकांसमोर नको ते बोलले. त्यानं निमूट सरकारी शिक्क्याचं लिटरचं माप काढलं, काठोकाठ भरून डब्यात ओतलं. पुन्हा अर्धा सेंटिमीटर कमी.

"मॅडम, डबाच मोठा असन," तो म्हणाला.

"डबा कुणी केलाय माहीत आहे का?" मी म्हटलं, जणू त्यानं प्रश्न मिटत होता.

तिथून किराणा दुकानात. लिटरभर पाण्याचं वजन एक किलो भरतं. रिकामा डबा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला, काठापर्यंत पाणी भरलं. एक किलो एकसष्ट ग्रॅम. मी त्या दुकानदाराला सांगितलं की तुमचा काटा तपासून घ्या. तो म्हणाला, काटा जास्त दाखवत असता तर गिऱ्हाइकांनी आजवर मला सोडलं असतं का? हे मला पटवून घ्यायचं नव्हतं, म्हणून मी आणखी चिडले. आतापर्यंत मी दूधवाला, किराणावाला आणि एका पोरीची कंपासपेटी अशा सगळ्यांना खोटं ठरवलं होतं. मोहल्ल्याची सगळी मापं चुकीची आणि एकट्या टेंभुर्ण्यांचं बरोबर, असा माझा हिशेब होता.

शेवटी त्यांच्याकडे गेले. त्यांनी खिशातली पितळी पट्टी काढली, डब्यात उभी धरली, आडवी धरली, मला वाकून बघायला लावलं. दहा. केसभर इकडे नाही. मी शाळेतून आणलेली प्लास्टिकची पट्टी लावली, दहा पूर्णांक दोन. दुसरी लावली, तेच.

"सगळ्या पट्ट्या सारखंच कशा चुकतील?" मी विचारलं.

"एकाच साच्यातनं निघतेत त्या," ते म्हणाले. "साचा चुकला का सगळा माल चुकते. हे मले नका सांगू."

साच्याच्या बाबतीत मी त्यांना काय सांगणार? पण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. पाणी खोटं बोलत नाही हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी संचातला लंबक काढला. तो असा कापलेला की एका बाजूचा झोका बरोबर एका सेकंदाचा व्हावा. मी मोबाइलवर वेळ लावली, त्यांनी शंभर झोके मोजले. एकशे एक सेकंद. पुन्हा मोजले, पुन्हा एकशे एक. मग त्यांनी शंकू काढला, मोहरी आणली. तीन शंकू, वृत्तचिती काठोकाठ. त्रिकोणाचे डबे, पाणी बरोबर. गोळ्या एकाच वेळी खाली. अर्धा संच खरा आणि अर्धा खोटा, तोही एकाच माणसानं, एकाच पट्टीनं, एकाच लाकडातून केलेला. आम्ही दोघं पलंगावर बसून त्या ढिगाकडे बघत राहिलो.

"मले काहीच समजून नाही राहिलं," ते म्हणाले. मलाही समजत नव्हतं, आणि मी तर पगार घेऊन हेच शिकवते.

त्यानंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांनी डोळ्यांवर संशय घेतला. डॉक्टरांनी डोळे उत्तम सांगितले. मग हातावर घेतला. "माहा हात गेला मॅडम," असं एकदा फोनवर म्हणाले. नवे डबे करून पाहिले, त्या पट्टीनं दहा भरायचे आणि पाण्यानं मोठे निघायचे. जेवण सुटल्यासारखं झालं. संस्थेला त्यांनी कळवून टाकलं की लिटर बरोबर झाल्याशिवाय संच मिळणार नाहीत. संस्थेच्या माणसानं मला फोन केला, अहो थोडंफार इकडेतिकडे चालतं, पोरांना काय कळतं? मी तो निरोप पोचवला नाही. पोचवला असता तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं.

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. दुपारी मी गेले तेव्हा आत नवराबायकोचं जुंपलं होतं. सिंधूताईंच्या खोळी डब्यांवर चढत नव्हत्या. प्रेमानंदजींनी बाहेरून बारा सेंटिमीटर सांगितलं होतं, त्यांनी टेपनं बारा मोजून, शिलाईचं सोडून शिवलं होतं, आणि एकूण एक खोळ घट्ट होत होती.

"तुले कितीकदा सांगितलं, शिलाईत जास्त कापड नको घेऊ म्हून," ते म्हणत होते.

"चाळीस वर्षं झाली शिवून राहिली मी. आता मले शिलाई शिकवा." सिंधूताईंनी मला बघून पदर सारखा केला, पण थांबल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या खिशातली पितळी पट्टी सरळ उपसून घेतली, तिच्यानं मोजून कापड कापलं आणि मशीनवर बसल्या. दहा मिनिटांत खोळ तयार. डब्यावर घातली तर सर्रकन खाली बसली. त्यांनी पट्टी पलंगावर टाकली, शेजारी टेप पसरला आणि दोन्हींवर बोट ठेवलं. पट्टीच्या तिसावर टेप तीस पूर्णांक सहा दाखवत होता.

"तुमची पट्टीच लांब हाय," त्या म्हणाल्या, "अन् बोलून राहिले मले."

मला वाटलं आता टेपचाही उद्धार होईल. पण प्रेमानंदजी नुसते पुढे आले. त्यांनी पट्टी उचलली, मागची कड उजेडात धरली, अंगठ्यानं घासली. मग जमिनीवर बसले.

"लांबच हाय," ते म्हणाले. "लांबच बनवली हाय ती."

त्यांनी सांगितलं ते असं. वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं, शंभरात दोन. म्हणून लाकडाचा भाग तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब कुठे करत बसायचा, म्हणून पॅटर्नमेकर लोक पट्टीच तशी घेतात, तिचा एक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा तेवढा मोठा असतो. कारखान्यात दोन पट्ट्या होत्या. साधी पट्टी कंपनीची, भिंतीला टांगलेली, तयार माल तपासायला. लांब पट्टी स्वतःची, खिशातली. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी कंपनीचा एप्रन, लॉकरची किल्ली आणि साधी पट्टी परत केली. घरी आली ती खिशातली. तिच्यानं त्यांनी सहा वर्षं लाकडाचे शंकू आणि डबे केले, जे कधी वितळणार नव्हते आणि कधी आकसणार नव्हते.

आता मला सगळं दिसलं, आणि लाज वाटली. शंकू आणि वृत्तचिती दोन्ही सारखीच मोठी झाली होती, म्हणून तिसरा शंकू काठाला लागत होता. त्रिकोणाचंही तसंच. जे एकमेकांशी ताडायचं ते बरोबर, आणि जे बाहेरच्या जगाशी ताडायचं, साहिलच्या मापाशी, घड्याळाशी, ते चूक. हे गुणोत्तराच्या धड्यात आहे. तो धडा मी दर वर्षी शिकवते.

"पण मले ठावूक होतं ना मॅडम," प्रेमानंदजी म्हणाले. "कोणी झोपीतनं उठवून विचारलं असतं का ही कायची पट्टी हाय, तर मी सांगितलं असतं. मंग काहून झालं असं? ठावूक असून कसं झालं?" सिंधूताई मशीनवरून उठल्या. त्यांनी पाणी आणून दिलं. ते हातात धरून बसले, प्यायले नाहीत. माणूस रोज वापरतो ती गोष्ट त्याला दिसेनाशी होते, असं काहीतरी मी बोलले, पण ते बोलताना मलाच पटलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "याच्या आधी कोणालेच कसं दिसलं नाही?"

मी अबोलीचं सांगितलं. सांगावंच लागलं. ऑक्टोबरातलं, दहा रुपयांच्या पट्टीचं, उन्हाचं, सगळं. त्यांनी मान वर केली. "मंग तुमी तिले काय लिहायला सांगितलं?" मी म्हटलं, दहा. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "माहं नाव घेऊन," आणि उठून पट्टी कपाटात ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमानंदजींनी बाजारातून पोलादी साधी पट्टी आणली आणि पंधरा दिवसांत तीस लिटरचे डबे आणि तीस लंबक नव्यानं केले. बाकीच्या वस्तूंना हात लावायची गरज नव्हती. साहिलच्या डेअरीवर नवा डबा नेऊन मी त्याला त्याचं माप त्यात ओतायला लावलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर बोलले ते चार गिऱ्हाइकांसमोर परत घेतलं. तो हसला, म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम." किराणावाल्याला मात्र अजून पटलेलं नाही.

सव्वीस तारखेला प्रेमानंदजी डबे रिक्षात घालून शाळेत आले. टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता. म्हणाले, "त्या पोरीले बोलवा. तिनं मोजल्याबिगर एकही डबा जात नाही." मला हे फार आवडलं. माझी चूकही यात आपोआप धुऊन निघेल, असं मनात आलं नाही म्हटलं तर खोटं होईल.

मधल्या सुट्टीत अबोली आली. टेबलावर डबे ओळीनं मांडले होते. प्रेमानंदजींनी तिला खुर्ची दिली आणि अहोजाहो करावं तशा आवाजात म्हणाले, "मोज वं बाई. जे येईन ते सांगजो." ती तिचीच पट्टी घेऊन मोजू लागली. दहा. दहा. दहा. प्रेमानंदजी प्रत्येक डब्याच्या बुडाशी पेन्सिलनं खूण करत गेले. त्यांचा चेहरा महिन्याभरानं पहिल्यांदा सैल झाला. बारा-तेरा डबे झाले तेव्हा त्यांचा हात थांबला. ते तिच्याकडे बघत राहिले. मग पायाशी ठेवलेल्या पिशवीतून जुना एक डबा काढून त्यांनी ओळीत सरकवला. मी पाहिलं, तिनं नाही.

तिनं तो डबा घेतला. पट्टी आत धरली, वाकली. मी शेजारीच उभी होते, मलाही वरून दिसत होतं. डब्याची कड दहाच्या पुढे, दोन बारीक रेघा सोडून होती. तिनं बोटानं रेघा मोजल्या. पट्टी काढून पुन्हा लावली. मग तिनं मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दहा."

"नीट पाह्य वं पोरी," प्रेमानंदजी हळूच म्हणाले.

तिनं पट्टीकडे पाहिलंच नाही. "दहाच आहे, मॅडम."

प्रेमानंदजींनी पेन्सिल टेबलावर ठेवली. तीस डबे त्यांनी दुरुस्त केले होते, पण यात ते काही करू शकत नव्हते. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. इतक्या वर्षांत कुठल्या मुलीची मी माफी मागितली नव्हती. शेवटी म्हटलं, "अबोली, ऑक्टोबरात तू बरोबर होतीस. डबा मोठा होता. मी चुकले."

"हो मॅडम," ती लगेच म्हणाली. आणि मला कळलं, मी दुसरं काहीही म्हटलं असतं तरी ती हेच म्हणाली असती.